रुंदी

रंजिता दोरकुळकर गाडी ढकलत आली तेव्हा
डाव्या क्रेटचा कोपरा उडालेला,
बर्फाचं पाणी चाकावर ठिबकत होतं
आणि एक बांगडा स्पोकमध्ये अडकून.
आसूदच्या उतारावर चिऱ्याचा डंपर
घासून गेला, म्हणाली.
त्याला पुढचा एकच दिवा दिसला, मामू.
एका दिव्याएवढीच बाई, असं धरून चालला.
माझी रुंदी कळायला पाहिजे त्याला.

मी म्हटलं, इंडिकेटर आहेत की.
ते वळताना, ती म्हणाली.
मी सरळ जात होते.

तिचा बाप तांडेल.
होडीच्या डाव्या अंगाला लाल, उजव्या अंगाला हिरवा,
वळो न वळो, रात्रभर पेटलेले.
पाण्यावर एवढी रीत आहे,
डांबराला कुणी शिकवलीच नाही.
हे तिचं नाही, माझं.
ती तेव्हा उरलेले मासे मोजत होती.

पहिल्या दिवशी मी आळस केला.
पार्किंगची तार घेतली, दोन्हीकडे वाटून दिली.
चारही पेटले. बरं दिसत होतं.
डावा खटका दाबला
तर उजवाही डोळे मिचकावायला लागला,
गाडी एकदम लग्नाचा मांडव.
अशानं लोक मला आहेर देतील, रंजिता म्हणाली,
आणि हेल्मेट काउंटरवर ठेवून
बसनं गेली.

दुसऱ्या दिवशी दापोलीहून दोन तारांचे बल्ब आणले.
एकाच काचेत दोघं:
पाच वॅटचा जागा राहणारा,
एकवीस वॅटचा बोलणारा.
होल्डर उघडला तर आत मीठ,
तांबं शेवाळलेलं.
आमच्या किनाऱ्यावर गाडीचा आधी अर्थ जातो.
अर्थिंगला आम्ही अर्थच म्हणतो.
रंग खरवडला, पांढरं लोखंड दिसेपर्यंत,
नट आवळला, वर ग्रीस चोपडलं,
तेव्हा कुठे अर्थ लागला.

तरी नीट दिसेना.
पेटलेल्यात पेटलेलं लुकलुकलं
तर भर दुपारच्या काजव्याकडे कोण बघतो?
ज्या बाजूला वळायचं
त्या बाजूचा जागता उजेड
आधी विझवायला हवा.
एवढं समजायला मला तीन चहा लागले.

म्हणून रिले. पण रिले उतावळा,
प्रत्येक लुकलुकीला टक, टक, सोडतो, धरतो,
मधल्या अंधारात बारकी तार परत जागी.
म्हणून कॅपॅसिटर, शेंगदाण्याएवढा,
दोन उजेडांमधला काळोख
पदरचं खर्चून सांभाळणारा.
आणि त्याचं साठवलेलं
बल्बनं मागच्या दारानं पिऊन टाकू नये
म्हणून एक डायोड.
जाऊ देतो. परत येऊ देत नाही.

माझा शब्बीर दोहाला आहे, आठ वर्षं.
त्याचा काही संबंध नाही.
सोल्डर गार होईस्तोवर हात हलवायचा नसतो,
तेवढा वेळ मी हललो नाही.

शनिवारी लिलाव उशिरा संपला.
पाजपंढरीच्या फाट्यावर, दुकानासमोर,
मी रस्त्यात उभा राहिलो बघायला.
आधी मधला पांढरा आला. मग दोन्ही कडांना
दोन नारिंगी ठिपके, थरथरणारे पण जागचे,
आणि त्यांच्यामध्ये भरपूर अंधार:
दोन क्रेट, बर्फ, सुरमई,
त्यात कुठेतरी ती.
समोरून येणारा टेम्पो
न सांगता कडेला झाला.

फाट्याशी डावा विझला,
दम घेतल्यासारखा,
आणि मग जोरात लुकलुकायला लागला.
उजवा जागाच.
ती हसली असेल, हेल्मेटमधून कळत नाही.

वळून झाल्यावर खटका बंद करायला विसरली.
माडांच्या मागून, चढावर,
पार दिसेनासा होईपर्यंत
तिचा डावा दिवा सांगत राहिला
मागे राहिलेलं वळण.
त्याला माझ्याकडे तार नाही.